विचारलं तेवढंच

पेटी बंद पडली ती नर्सबाईंच्या चार्जरमुळे. खोलीत प्लगची जागा एकच, त्यांच्या मोबाइलचा जीव अगदी कंठाशी आलेला, म्हणून त्यांनी बाबांच्या उशाशी असलेल्या, रक्तातला प्राणवायू मोजणाऱ्या पेटीची वायर घटकाभर काढली आणि पेटीच्या आतल्या बॅटरीनं लगेच मान टाकली. "लावते, लावते, आत्ता लावते," म्हणत त्यांनी वायर परत खुपसली. बाबा दुपारचे झोपले होते, त्यांना पत्ताही लागला नाही. एरवी अखंड हिरवा आकडा दाखवणारा पेटीचा पडदा थोडा वेळ काळा झाला आणि मग त्यावरून बारीक पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरसर वर जाऊ लागल्या. खिडकीजवळच्या खुर्चीत मांडीवर लॅपटॉप घेऊन बाबांची मुलगी आपलं काम करत बसली होती. तिनं सहज मान वर केली, आणि त्या ओळींत तिला तिचं स्वतःचं वाक्य दिसलं. रकान्याची लांबी चुकली आहे, एक घर हवं होतं, चार आली. दिसलं न दिसलं तोच ते वर सरकून गेलं, ओळी संपल्या, हिरवा आकडा परत आला. त्र्याण्णव. नर्सबाई म्हणाल्या, झालं, आली गाडी रुळावर. आपण आपल्या टेबलाशी बसून लिहिलेलं वाक्य आपल्या बापाच्या उशाशी उगवावं, हे तिला बरं वाटलं नाही.

ते वाक्य तिनं गेल्या वर्षी लिहिलं होतं. प्रत्येक संगणकाच्या, अशा पेटीच्यासुद्धा, पोटात एक कारभारी प्रोग्राम असतो, त्याला कर्नेल म्हणतात. बाकीच्या प्रोग्रामांना पडदा, आवाज, बटणं, काहीही हवं असलं तरी त्याच्याकडे निरोप धाडावा लागतो. निरोपात रकाने असतात आणि कोणत्या रकान्यात किती घरांची संख्या भरायची हे ठरलेलं असतं. तिचं काम त्या दारावरचं. आलेल्या निरोपाचे रकाने मापात आहेत की नाहीत हे पाहायचं, नसतील तर तक्रारीची एक ओळ लिहून ठेवायची. मावशी अजून सगळ्यांना सांगत असे की आमची भाची एका कर्नलच्या हाताखाली आहे, लष्करात नाही, पण तसंच काहीतरी. आणि खरं तर तसंच होतं. ती कडक होती. पूर्वीच्या लोकांनी दारावर अगदी ढिलाई ठेवलेली. एक घर मागितलं आणि चार आली, तर पहिलं घ्यायचं आणि बाकीच्या तिघांकडे कानाडोळा करायचा, असा कारभार. तिला हे पाहून अंगावर पाल पडल्यासारखं झालं होतं. आधी तिनं तक्रारीची ओळ घातली. ओळींकडे कोणी ढुंकून पाहत नाही हे कळल्यावर गेल्या महिन्यात तिनं पुढची दुरुस्ती पाठवली. यापुढे मापात नसलेला निरोप सरळ परत करायचा. त्या भागाचा राखणदार, म्हणजे आलेल्या दुरुस्त्या वाचून त्या घ्यायच्या की नाही हे ठरवणारा माणूस, दूर कुठल्यातरी गावी होता. त्याला तिनं कधी पाहिलं नव्हतं, पण त्याच्या पत्रांवरून तो सावकाश चहा पिणारा असावा असं तिला वाटे. त्यानं एवढंच विचारलं होतं, याच्यामुळे कोणाचं काही मोडणार नाही ना? त्यांच्या धंद्यातला हा सोवळ्यासारखा पाळायचा नियम. जे दार काल उघडत होतं ते उद्या कोणाच्या तोंडावर बंद व्हायला नको, आणि मोडलं तर चूक दाराची, येणाऱ्याची नाही. तिनं सगळीकडे शोधलं होतं. कोणी असं चुकीचं पाठवताना सापडलं नाही. तिनं उत्तर लिहिलं होतं, असं पाठवणारं कोणी उरलेलं नाही. त्यानं दुरुस्ती घेतली. पुढच्या आवृत्तीबरोबर ती घरोघरी जाणार होती, या पेटीतसुद्धा, कारण ही पेटी आपली आपण अद्ययावत होते अशी तिच्या खोक्यावर मोठी जाहिरात होती.

आणि तो कोणी इथे तीन हातांवर होता. कोणता रकाना, हेही त्या ओळीतल्या क्रमांकावरून तिला कळलं होतं. इशाऱ्याची पातळी. बाबांच्या बोटाला लावलेली चिमटी रक्तातला प्राणवायू मोजते, तो अठ्ठ्याऐंशीच्या खाली उतरला की पेटीनं बोंब मारायची. ते अठ्ठ्याऐंशी पेटीचा प्रोग्राम कर्नेलला कळवतो एका रकान्यातून, एका घराऐवजी चार घरं करून. एका घरात दोनशे पंचावन्नपर्यंतचा आकडा बसतो, म्हणून एवढी छोटी संख्या चारांपैकी एकाच घरात मावते, बाकीची तीन रिकामी. आता गंमत अशी, की काही यंत्रं भरलेलं घर सगळ्यात पुढे ठेवतात आणि काही सगळ्यात मागे. कर्नेल पाहणार फक्त पहिलं. पेटीतलं यंत्र पहिल्या जातीचं असेल तर कर्नेलला अठ्ठ्याऐंशी दिसले असतील. दुसऱ्या जातीचं असेल तर शून्य. आणि शून्याच्या खाली कोणाचाच प्राणवायू जात नाही, मेलेल्याचासुद्धा नाही. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत अठ्ठ्याऐंशी लिहिलेले होते, पण ते प्रोग्रामनं स्वतःच्या आठवणीतून लिहिलेले. कर्नेलनं काय ऐकलं ते त्यावरून कळत नव्हतं. पेटी बसवायला आलेल्या पोरगेल्या तंत्रज्ञानं चाचणीचं बटण दाबून भोंगा वाजवून दाखवला होता, पण त्यातून भोंगा आहे एवढंच सिद्ध झालं. चिमटी निसटली की पेटी किणकिण करायची, तो आवाज वेगळा, त्याचा या पातळीशी संबंध नाही. पातळीखाली गेल्यावरचा खरा भोंगा या घरात कोणी कधी ऐकलाच नव्हता.

पाच महिने. बाबा दवाखान्यातून घरी आल्याला पाच महिने झाले आणि पेटी एकदाही वाजली नाही. याचं घरात केवढं कौतुक. रविवारी धाकट्या भावाचा फोन आला की ती पहिलं वाक्य तेच बोलायची, पेटी वाजली नाही. तो म्हणायचा, वा. नवरा शेजाऱ्यांना सांगायचा, सासरे ठणठणीत, मशीन गप्प आहे. डॉक्टरांनी मान डोलावली होती. हळूहळू त्यांनी रात्री आळीपाळीनं जागणं सोडलं, बाबांच्या खोलीचं दार ओढून घेऊन झोपू लागले, पेटी आहेच की. आता ते सगळे गप्प महिने तिच्यासमोर उलटे होऊन उभे राहिले. पेटी वाजली नाही ती बाबा बरे होते म्हणून, की तिला ऐकूच गेलं नव्हतं म्हणून? रात्री बाबा कधी अठ्ठ्याऐंशीच्या खाली उतरले असतील, पंचाऐंशी, ऐंशी, अंधारात एकटेच धापा टाकून आपले आपण वर आले असतील, आणि भिंतीच्या पलीकडे आपण डाराडूर. आधीच्या हिवाळ्यात एका सकाळी ते म्हणाले होते, रात्री कोणीतरी छातीवर बसलंय असं वाटलं. तेव्हा पेटी नव्हती. गेल्या पंधरवड्यात पुन्हा तसंच काहीसं म्हणाले, तर तिनं पेटीकडे पाहून म्हटलं होतं, स्वप्न पडलं असेल. तिनं पेटीवर विश्वास ठेवला होता, बापावर नाही.

पेटी बनवणाऱ्या कंपनीला तिनं फोन लावून पाहिला. एक दाबा, दोन दाबा, मग सनई, मग फोन कट. पेटी पुन्हा बंद करून त्या पांढऱ्या ओळी नीट वाचल्या असत्या तर यंत्राची जात कळली असती, पण बाबा झोपलेले असताना पेटी बंद करायला तिचा हात धजेना. आणि नुसतं वाचून तिचं समाधान झालंही नसतं. तिला भोंगा ऐकायचा होता. उपाय अगदी सोपा होता. बाबा पडल्या पडल्या त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या वर जात नाहीत. पातळी वर चढवून पंच्याण्णव केली की पेटीनं ओरडलंच पाहिजे. दोन बटणं दाबायचा अवकाश. पण झोपलेल्या म्हाताऱ्याच्या कानाशी भोंगा कसा वाजवायचा, असं ती मनाला सांगत राहिली, आणि मनाला हे पक्कं ठाऊक होतं की तिला भीती भोंगा वाजण्याची नव्हती.

बाबा तोंड किंचित उघडं टाकून झोपले होते. झोपेत त्यांचा चेहरा सैल पडे, जागेपणी कधी पडत नसे. ओतकामाच्या कारखान्यात ते तपासनीस होते, सगळा जन्म त्यांनी दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू पास-नापास करण्यात घालवला. घरीही तेच. चपला सरळ रेषेत, उत्तरं मुद्देसूद. ती शाळेतून आली की तिच्या पोटात दिवसभराचं इतकं साठलेलं असायचं की दप्तर फेकायच्या आधीच तोंड सुरू व्हायचं. आई स्वयंपाकघरातून हुं हुं करत ऐकायची. बाबा संध्याकाळी कामावरून आले की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची, आणि बाबा चहाचा कप खाली ठेवून म्हणायचे, विचारलं तेवढंच सांग. आज शाळेत काय शिकवलं? भूगोल. बस. त्यांनी तिचं नाव रेडिओ ठेवलं होतं. सगळ्यांसमोर म्हणायचे, आमचा रेडिओ आला, बटण कुठे आहे ते बघा. पाहुणे हसायचे. तीही हसायची, आणि मग अंगणात जाऊन तारेवर वाळणाऱ्या चादरीला सगळं सांगायची. कधीतरी, नेमकं कधी ते सांगता येणार नाही, ती बोलायची थांबली. मोजकं बोलणारी मुलगी म्हणून तिची ख्याती झाली, लग्न ठरवताना सासूबाईंना तेच आवडलं. ऑफिसात तिची पत्रं दोन ओळींची. दारावरच्या तपासणीचं काम तिच्याकडे आलं तेव्हा तिला वाटलं होतं, हे आपल्याला जमेल, हे आपण लहानपणापासून शिकलोय. एक मागितलं असताना चार आणणाऱ्याला काय वाटतं हे तिला पूर्ण ठाऊक होतं, आणि तरी तिनं ती दुरुस्ती पाठवली होती. की ठाऊक होतं म्हणूनच?

तिनं राखणदाराला पत्र लिहिलं. तिच्या सवयीला धरून ते एका ओळीचं व्हायला हवं होतं, दुरुस्ती मागे घेते आहे, पण लिहायला बसल्यावर बोटं थांबेनात. तिनं पेटीचं लिहिलं, बाबांचं लिहिलं, चार घरांचं लिहिलं, नर्सबाईंच्या चार्जरचंसुद्धा लिहिलं. मग बदली दुरुस्ती लिहायला घेतली. जुन्या रकान्यांना जुनीच सवलत राहील, कडक तपासणी यापुढे नव्यानं येणाऱ्या रकान्यांपासून सुरू होईल. आणि या रकान्यात चार घरं आली तर पहिल्यावर न थांबता चारही वाचायची, यंत्राच्या रीतीनं वाचायची, उरलेली रिकामी आहेत ना एवढं पाहायचं आणि तक्रार न करता संख्या घ्यायची. म्हणजे यंत्र कोणत्याही जातीचं असो, अठ्ठ्याऐंशीचे अठ्ठ्याऐंशीच ऐकू जातील. लिहिल्यावर तिला वाटलं, हे इतकं सोपं होतं. चार वाचायला कितीसा वेळ लागतो. राखणदाराचं उत्तर तासाभरातच आलं, आणि त्यात त्यानं तिला दोष दिला नाही. त्यानं लिहिलं होतं, आवृत्ती अजून बाहेर पडलेली नाही, तुमची जुनी दुरुस्ती काढली, नवी वाचतो आहे. आणि खाली, वडील कसे आहेत? ते वाचून तिला एकदम रडू आलं. नव्या आवृत्तीनं पेटी मुकी होण्याचं उद्याचं संकट टळलं होतं. पण तिला आजच्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नव्हतं, वडील कसे आहेत तेच तर तिला माहीत नव्हतं.

बाबा जागे झाले. नर्सबाईंनी त्यांना पाणी दिलं, पाठीशी उशी सरकवली. तिनं खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि सांगितलं की पेटी तपासायची आहे, थोडा आवाज होईल, घाबरू नका. तपासणी म्हटल्यावर बाबांचे डोळे चमकले. त्यांनी केसांवरून हात फिरवला, पांघरूण सारखं केलं. तिनं बटण दाबून पातळी पंच्याण्णववर नेली आणि श्वास रोखून पडद्याकडे पाहत राहिली. हिरवा आकडा तोवर पंच्याण्णव झालेला. मग शहाण्णव. मग सत्त्याण्णव. आजवर कधी नव्हे तो सत्त्याण्णव, आणि तिथेच खुंट्याला बांधल्यासारखा थांबला. पेटी गप्प. हा काय प्रकार, आता आकडाही खोटा की काय? मग तिचं लक्ष बाबांकडे गेलं. ते ताठ बसले होते. खांदे मागे, छाती पुढे, नाकपुड्या फुललेल्या, डोळे समोरच्या भिंतीवर रोखलेले, आणि सावकाश, खोल, एकामागून एक श्वास घेत होते. कारखान्यात मोठे साहेब पाहणीला येणार असले की ते असेच उभे राहत असतील.

"बाबा, तुम्ही पास व्हायला बघताय," ती म्हणाली.

"मग? तपासणी म्हणालीस ना."

"तुमची नाही, पेटीची. तुम्ही नापास झालात तरच ती वाजणार."

बाबांना हे पटलं नाही. नापास होऊन दाखवायचं म्हणजे काय, ते म्हणाले, हे असलं त्यांनी जन्मात कधी केलेलं नव्हतं. सैल पडून राहा म्हटलं तर ते सैल पडून राहण्याचा इतका प्रयत्न करू लागले की आकडा हलेना. शेवटी नर्सबाईंनीच तोडगा काढला. काका बोलायला लागले की त्यांना दम लागतो, आकडा उतरतो, हे त्या रोज पाहत होत्या. तर काकांनी बोलावं.

"काय बोलू?"

"काहीही," ती म्हणाली.

"काहीही म्हणजे काय? विचार काहीतरी."

इतक्या वर्षांनी विचारायला मिळालं आणि तिला दुसरं काही सुचलं नाही. "मला रेडिओ का म्हणायचात?"

"तू बोलायचीस म्हणून," बाबा म्हणाले, आणि थांबले. शहाण्णव.

"एवढ्यानं नाही व्हायचं, काका," नर्सबाई म्हणाल्या. "वाढवा जरा."

बाबांनी बोटावरची चिमटी नीट बसवली. मग बोलू लागले. ओतलेला नग चांगला आहे की आतून तडकलाय हे ते हातोडीनं ठोकून, आवाजावरून सांगायचे. तीच त्यांची नोकरी. पण शेजारच्या खात्यात दिवसभर मोठी यंत्रं धडधडायची, आणि काही वर्षांत असं झालं की संध्याकाळी त्यांच्या कानात शिट्टी बसायची. समोरचा बोलू लागला की पहिला शब्द कळायचा, पुढचं सगळं त्या शिट्टीत बुडून जायचं. रात्र गेली की कान उघडायचे. म्हणून नग ठोकायचं काम ते सगळं सकाळी उरकून घ्यायचे आणि कोणाला ताकास तूर लागू देत नसत, कान गेलेला तपासनीस कोण ठेवणार? घरी फक्त तिच्या आईला माहीत होतं. "तू दारात आलीस की तुझे ओठ हलताना दिसायचे," बाबा म्हणाले. "नुसते हलतायत, हलतायत. मला वाटायचं, पहिला शब्द तरी पदरात पडू दे. म्हणून म्हणायचो, विचारलं तेवढंच सांग."

त्यांना धाप लागली होती. पंच्याण्णव. तिला म्हणायचं होतं की पुरे, बोलू नका, पण बाबांनी हात वर करून तिला थांबवलं. "सकाळी तुझी आई सांगायची. चहा गाळता गाळता सगळं सांगायची. पाटीवरची पेन्सिल खाणारी ती मुलगी, तिच्या दातांना राखाडी रंग लागायचा. आणि तुमच्या गणिताच्या बाईंची खुर्ची, एक पाय आखूड. तू तुझं खोडरबर दिलंस त्या पायाखाली ठेवायला, आणि मग परीक्षेत खोडायला..."

चौऱ्याण्णव. आकडा तांबडा झाला. आणि पेटीनं भोंगा केला.

काय तो आवाज. खोलीच्या काचा थरथरल्या, नर्सबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले, खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकू लागला. तिनं बटणाकडे हात नेला आणि तसाच ठेवला. वाजते आहे. पेटीला ऐकू येतं आहे. पहिल्या दिवसापासून येत होतं. पाच महिने ती गप्प राहिली याचं कारण एवढंच, की बाबा बरे होते. त्या सगळ्या रात्री खऱ्या होत्या, आणि छातीवर बसलेलं जे कोणी होतं ते स्वप्नातलंच होतं. तिचा जीव भांड्यात पडला. खुर्चीत बसल्या बसल्या तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं, आणि ती दोन्हीपैकी काहीच आवरत नव्हती.

बाबांनी तिच्या हाताला स्पर्श केला आणि कारखान्यात बोलत असतील तसं, भोंग्याच्या वरताण आवाज काढून म्हणाले, "ती बंद कर आधी. खुर्चीचं राहिलंय."

तिनं भोंगा बंद केला, पातळी पुन्हा अठ्ठ्याऐंशीवर आणली, लॅपटॉप मिटून खाली ठेवला. बाबा उशीवर रेलून श्वास जमवत होते. आकडा हळूहळू चढत होता. खुर्चीचं पुढे काय झालं हे तिलाच आता आठवत नव्हतं.

"सावकाश सांगा," ती म्हणाली. "सगळं सांगा."